मशेरीची डबी आणि मानसशास्त्राचा तास

यंदा मराठी विभागाच्या संपादकांनी मला गाठून सांगितले, "सर, तुमच्याच विषयावर लिहा, पण मुलांना कळेल असे लिहा." यातील टोमणा मला कळला. मी गेली बावीस वर्षे मानसशास्त्र शिकवितो आहे. त्यातील 'आरोग्य-मानसशास्त्र' ही शाखा माझ्या विशेष आवडीची. माणसे आपल्या शरीराला अपाय करणाऱ्या गोष्टी जाणूनबुजून का करतात, हिताच्या गोष्टी का टाळतात आणि त्यांच्या या वागण्यात पालट कसा घडवून आणता येतो, हा या शाखेचा विषय. दरवर्षी फळ्यावर चौकोन आणि बाण काढून मी हे समजावून सांगतो. परीक्षेत विद्यार्थी तेच चौकोन आणि तेच बाण मला परत करतात. उभयतांचे समाधान होते.

दोन वर्षांपूर्वी आईची दाढ दुखू लागली म्हणून तिला दंतवैद्याकडे घेऊन गेलो. त्यांनी दाढ पाहिली आणि मग बॅटरीचा झोत गालाच्या आतल्या बाजूकडे वळवून बराच वेळ तिथेच धरला. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीलगत, पुसला तरी न जाणारा एक पांढरा चट्टा होता.

"आजी, मशेरी लावता?"

"लावतो की," आई म्हणाली. "आमच्याकडं सगळ्याच लावत्यात."

चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून तपासणीला पाठविला. त्याचा निकाल येईपर्यंतचे आठ दिवस कसे गेले ते इथे लिहीत नाही. कर्करोग नव्हता. परंतु या चट्ट्याला वैद्यकात ल्युकोप्लाकिया म्हणतात, असे काही चट्टे पुढे कर्करोगाकडे वळतात, आणि तंबाखू सुटली तर ते पुष्कळदा कमी होतात, असे डॉक्टरांनी सांगितले. "सर, तुम्ही तर मानसशास्त्राचे. तुम्हाला मी काय सांगायचे?" असेही ते म्हणाले. घरी परतताना रिक्षात मी आईला पाऊण तास व्याख्यान दिले. घरी आल्यावर तिने पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि कोनाड्यातली डबी काढली.

शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द सांगतो. तंबाखूचे पान तव्यावर काळे पडेपर्यंत भाजायचे, चुरून त्याची पूड करायची, ती डबीत भरायची आणि तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर फिरवायची. हीच मशेरी, कोणी तिला मिश्री म्हणतात. भाजताना सगळ्या घराला ठसका लागतो. माझे आजोळ निपाणीजवळचे. निपाणी म्हणजे तंबाखू, हे समीकरण आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. आजी तिथल्या वखारीत तंबाखू चाळायला जायची. आईने बाराव्या वर्षी, दात दुखतो म्हणून, आजीच्याच डबीतली मशेरी पहिल्यांदा लावली. दुखणे थांबले, डबी राहिली. ज्या गोष्टीने आज चट्टा उठविला तिची सुरुवात औषध म्हणून झाली होती, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काही कळणार नाही.

आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे. ती अशी की, लोकांना माहिती नसते म्हणून ते चुकीचे वागतात. माहिती द्या, म्हणजे वागणे सुधारेल. भिंतीवरच्या घोषणा, शाळेतले निबंध, ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाची आमची भित्तिपत्रक स्पर्धा, हे सारे याच समजुतीवर उभे आहे. आता एक आकडा पाहा. २०१६-१७ साली भारतात प्रौढांच्या तंबाखू-सेवनाची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. धूर न काढता खाल्ल्या वा लावल्या जाणाऱ्या तंबाखूने गंभीर आजार होतात, असे सुमारे ९६ टक्के प्रौढांना माहीत होते. आणि त्याच पाहणीत अशी तंबाखू वापरणारे प्रौढ निघाले २१ टक्क्यांहून अधिक! म्हणजे जवळजवळ सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही पाचांत एक जण ती तोंडात धरून आहे. माझी आईही या ९६ टक्क्यांतलीच. त्यांच्या गावातली एक बाई जबड्याच्या कर्करोगाने गेली, तेव्हा आई तिच्या उशाशी बसून होती. तिला काय होऊ शकते, हे मी पुस्तकातून सांगावे अशी तिची स्थिती नव्हती.

या कोड्याशी पहिली गंभीर झुंज १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाली आणि तीही क्षयरोगाच्या निमित्ताने. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्ष-किरण यंत्रे मोटारींत बसवून थेट वस्त्यांत नेऊन उभी केली. छातीचा फोटो फुकट, लांब जाण्याचा त्रास नाही. तरी पुष्कळ लोक फिरकेनात. डॉक्टरांना याचा उलगडा होईना, तेव्हा त्या सेवेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञांना विचारण्यात आले. गॉडफ्रे हॉकबॉम यांनी बॉस्टन, क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट या शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांना भेटून विचारणा केली आणि १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा रोग मलाही होऊ शकतो, आणि बरे वाटत असतानाच तो शोधून काढण्यात फायदा आहे, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी आपण होऊन फोटो काढून घेतला होता. दोन्ही न पटलेल्यांत हे प्रमाण केवळ २१ टक्के होते. या आणि हॉकबॉम यांचे सहकारी रोझेनस्टॉक, लेव्हेन्थाल व केगेलीस यांच्या कामातून 'आरोग्य-विश्वास प्रतिमान' म्हणून ओळखली जाणारी उपपत्ती आकारास आली.

प्रतिमान हा शब्द भारदस्त आहे, पण आतली गोष्ट साधी आहे. माणूस मनातल्या मनात चार प्रश्न विचारतो: हे मला होईल काय, झाले तर किती वाईट, उपायाचा खरोखर उपयोग आहे काय, आणि त्या उपायात मला त्रास किती. शिवाय एखादे निमित्त लागते. दुखणारी दाढ, शेजारच्या घरातले मरण, डॉक्टरांचा एक शब्द. मी वर्गात हे किती वेळा सांगितले असेल! आईच्या बाबतीत मात्र मी फक्त दुसऱ्या प्रश्नावर बोलत होतो, आणि त्याचे उत्तर तिला माझ्याहून अधिक ठाऊक होते. पहिल्या प्रश्नावर तिचे म्हणणे ठरलेले होते: "माझ्या आईनं जन्मभर लावली, पंच्याऐंशी वर्सं जगली. तिला काय झालं?" तिसऱ्यावर: "ह्या वयात सोडून काय मिळणार हाय?" आणि चौथ्यावर ती जे बोलली ते मी अडाणीपणा म्हणून झटकून टाकले. "नाही लावली तर परसाकडं होत नाही. डोकं धरतंय. जीव थाऱ्यावर ऱ्हात नाही."

पंच्याऐंशी वर्षे जगलेल्या आजीच्या दाखल्याला हसू नका. नील वाइनस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. आयुष्यातील बऱ्या-वाईट घटना आपल्या वाट्याला येण्याची शक्यता इतरांच्या मानाने किती, असे त्यांना विचारले होते. एकंदरीने त्यांना असे वाटत होते की, चांगले ते आपल्या वाट्याला इतरांपेक्षा अधिक येईल आणि वाईट ते कमी. सगळेच्या सगळे सरासरीपेक्षा सुदैवी असू शकत नाहीत, हे गणिताच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. हेल्मेट दुचाकीच्या हँडलला लटकावून महाविद्यालयात येणारे तुमच्यातले बरेच जण याच हिशेबाने येतात.

बरे, माहितीने भागत नाही तर भीतीने भागेल काय? मी तोही प्रयोग केला. जबडा गेलेल्या रोग्यांची चित्रे आईपुढे धरली. तिने चष्मा काढून ठेवला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मशेरी, सुनेच्या सांगण्यावरून, वाढली.

याबाबत येल विद्यापीठातला एक प्रयोग मला या साऱ्या शास्त्रातला सर्वांत बोधप्रद वाटतो. तो केला हॉवर्ड लेव्हेन्थाल, रॉबर्ट सिंगर आणि सुसान जोन्स यांनी. प्रसिद्ध झाला १९६५ साली. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पुस्तिका वाचायला दिल्या. काहींच्या पुस्तिकेतली वर्णने व चित्रे अंगावर काटा आणणारी होती, काहींच्या पुस्तिकेत मजकूर सौम्य होता. शेवटी सर्वांना सांगितले की, विद्यापीठाच्या दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्या. भेदक पुस्तिका वाचलेल्यांना लस अधिक महत्त्वाची वाटली आणि ती घेण्याचा मनोदयही त्यांनी अधिक जोराने व्यक्त केला. पण प्रत्यक्षात लस घेण्याच्या बाबतीत, फार घाबरलेले आणि थोडे घाबरलेले यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. काही विद्यार्थ्यांना पुस्तिकेबरोबर दवाखान्यावर खूण केलेला विद्यापीठाचा नकाशा दिला होता, आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात कोणत्या वेळी तिकडे जाता येईल ते पाहून ठेवायला सांगितले होते. नकाशा मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी लस घेतली. न मिळालेल्यांपैकी अवघ्या ३ टक्क्यांनी. ही मुले चार वर्षे त्याच आवारात वावरलेली. दवाखाना कुठे आहे हे त्यांना पूर्वीच माहीत होते. नकाशाने नवीन माहिती काहीच दिली नाही. त्याने इतकेच केले की, 'कधीतरी जाऊ' याचे 'बुधवारी तास संपल्यावर जाऊ' असे झाले. मात्र ज्यांना नुसता नकाशा दिला आणि धनुर्वाताचे भय काही सांगितले नाही, त्यांच्यातलेही कोणी गेले नाही. म्हणजे थोडी काळजी हवीच. परंतु तिला पायाखाली वाट हवी.

पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या बारकाव्याचा विस्तार केला. 'मी अमुक करीन' हा नुसता संकल्प आणि 'जर अमुक वेळ आली, तर मी तमुक करीन' हा बांधलेला बेत, यांत त्यांनी भेद केला. १९९९ साली त्यांनी यावरील संशोधनाचा आढावा घेतला. बांधलेल्या बेताचे बळ असे की, वेळ आली की ती वेळच आठवण करून देते. त्या क्षणी मनाला पुन्हा वादविवाद करावा लागत नाही. वादविवाद सुरू झाला की डबी जिंकते.

हे सारे मला तोंडपाठ होते. ते घरात वापरावे हे मात्र माझ्या पत्नीने सुचविले, आणि तेही जरा चिडूनच: "तुमचं शास्त्र फक्त फीवाल्यांसाठी आहे का?"

तेव्हा व्याख्याने बंद केली. आईला इतकेच सांगितले की, सोडू नकोस, पण प्रत्येक वेळी लावलीस की एक चिंचोका या वाटीत टाक. वागणे बदलण्याआधी ते मोजावे, हा या शास्त्रातला जुना दंडक. आठवड्याच्या शेवटी आम्ही चिंचोके मोजले. एकूणपन्नास भरले. म्हणजे दिवसाला सात. आईला स्वतःलाच आश्चर्य वाटले. तिच्या मते ती "दोन-तीनदा" लावत होती. पुढच्या आठवड्यात कोणी काही न सांगता चिंचोके चाळीसवर आले. मोजू लागले की वागणे आपोआप थोडे हलते, हेही पुस्तकात आहे. पण आपल्या घरातल्या वाटीत ते दिसले की त्याची गंमत वेगळीच.

या वाटीने दुसरेही एक काम केले. सात वेळा म्हणजे सात निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला दिसले. उठल्याबरोबरची. सकाळच्या चहानंतरची. जेवणानंतरच्या दोन. चार वाजता कट्ट्यावर शेजारणींबरोबरची, जिथे डबी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. संध्याकाळी मालिका बघतानाची. आणि झोपण्यापूर्वीची. यांपैकी मालिकेच्या वेळची शरीराला नको होती. ती नुसती हाताला हवी होती. उठल्याबरोबरची मात्र खरीखुरी तलफ. रात्रभर निकोटिन शरीरातून उतरत जाते, कारण त्याचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. म्हणूनच, उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट ओढता, हा प्रश्न परावलंबन मोजणाऱ्या फॅगरस्ट्रॉम यांच्या कसोटीत महत्त्वाचा मानला जातो. आई अंथरुणातून उठायच्या आधी उशाखालची डबी चाचपडायची.

आणि परसाकडचे? मी ते डॉक्टरांना हसत हसत सांगितले. ते हसले नाहीत. निकोटिनाने आतड्यांची हालचाल वाढते आणि तंबाखू सोडणाऱ्यांना बद्धकोष्ठ होणे ही नेहमीची तक्रार आहे, असे ते म्हणाले. डोके धरणे आणि जीव थाऱ्यावर नसणे हीही तलफ तुटण्याची लक्षणे. पहिल्या काही दिवसांत ती फार जोराची असतात, मग तीन-चार आठवड्यांत ओसरतात. म्हणजे आई जे सांगत होती ते अक्षरशः खरे होते, आणि पीएच. डी. झालेला मुलगा तिला अडाणी ठरवीत होता. डॉक्टरांनी इसबगोल दिला. त्या पुडीने माझ्या दहा व्याख्यानांहून अधिक काम केले, कारण तिने तिच्या चौथ्या प्रश्नाला उत्तर दिले.

कुठली आधी सोडायची, यावर आमचा मतभेद झाला. मला वाटे, मुळावरच घाव घालावा, सकाळची आधी सोडावी. आई म्हणाली, "ती शेवटी. मालिकंची सोडतो आधी." आणि तिचेच बरोबर होते. आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली मांडलेली 'आत्मक्षमते'ची कल्पना हेच सांगते. हे माझ्याकडून होईल, असा विश्वास माणसाला सर्वांत अधिक मिळतो तो स्वतः काही करून दाखविल्यामुळे. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमलेले पाहिल्यामुळे. "तुला जमेल, तुला जमेल" असे दुसऱ्याने सांगण्याचा उपयोग त्या मानाने बेताचाच. पालक आणि प्राध्यापक नेमके तेवढेच करतात.

मग बेत बांधले. मालिका लागली की डबीऐवजी कापूस घ्यायचा आणि वाती वळायच्या. बोटे गुंतलेली राहतात, आणि देवाच्या वातीला मशेरीचे बोट लागणे आईला चालणार नव्हते. ही युक्ती तिचीच; माझ्या एकाही पुस्तकात ती नाही. जेवण झाले की ओवा घातलेली भाजकी बडीशेप. तीन आठवड्यांत सातावरून चारावर आलो. चार वाजताची मात्र सुटेना, कारण ती तिच्या एकटीची नव्हती. डबी पुढे आली असता "नको" म्हणणे म्हणजे पानावरून उठण्यासारखे. माणसाच्या मनोदयावर भोवतालच्या माणसांच्या अपेक्षांचा दाब किती असतो, हे फिशबाइन आणि आयझेन यांनी १९७५ सालीच मांडून ठेवले आहे. शेवटी शेजारच्या काकूंनाच चट्ट्याची हकीकत सांगितली. त्यांनी त्या दिवसापासून कट्ट्यावर डबी आणली नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात ती आहेच.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की आता फलश्रुती. तसे झाले नाही. गणपती होऊन गेले आणि माझी मावशी वारली. तेरा दिवस आई तिकडे होती. बायका भोवती बसलेल्या, रडणे ओसरले की डबी फिरायची. आई परत आली ती दिवसाला आठावर. मी संतापलो. "एवढं सगळं पाण्यात गेलं!" असे काहीतरी बोललो. त्यानंतर चिंचोके कमी होऊ लागले आणि मी खूश झालो. पंधरा दिवसांनी पत्नीने सांगितले की आई न्हाणीघरात मशेरी लावते आणि चिंचोका टाकीत नाही.

ॲलन मार्लॅट व जुडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली व्यसनाच्या उलटण्यावर पुस्तक लिहिले. त्यात एकदा पाय घसरणे आणि पुन्हा पूर्ववत होणे यांत त्यांनी स्पष्ट फरक केला आहे. घसरलेला माणूस 'मी मुळातच दुबळा' असा अर्थ लावतो, शरमेने खचतो आणि ती शरम घालविण्यासाठी त्याच वस्तूकडे जातो. यास्तव घसरण आधीच गृहीत धरावी आणि त्या वेळी काय करायचे तेही ठरवून ठेवावे. हा उतारा मी अनेक वर्षे शिकविला आहे. आणि मी स्वतः काय केले? वाटीची परीक्षा केली आणि मी परीक्षक झालो. जिथे परीक्षक आहे तिथे कॉपी होणारच. पत्नीने वाटी माझ्याकडून काढून घेतली. "तुम्ही यात पडू नका," म्हणाली. तेव्हापासून मोजणी त्या दोघींत होते.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी सांगितलेल्या बदलाच्या पायऱ्या, म्हणजे विचारच नसणे, विचार, तयारी, कृती, टिकवणे, या परीक्षेला येतात म्हणून उल्लेख करतो. तक्ता देखणा आहे. पण माझी आई एकाच दिवसात, मालिकेच्या वेळी शेवटच्या पायरीवर आणि पहाटे पहिल्या पायरीवर असे, तेव्हा तिला कोणत्या घरात लिहावे हे मला अजून उमगलेले नाही.

एक आक्षेप कन्नड विभागाच्या आमच्या सहकाऱ्यांनी चहाच्या वेळी घेतला, आणि तो रास्त आहे. ते म्हणाले, तुमचे शास्त्र सगळा भार एकट्या माणसाच्या मनावर टाकते; तंबाखू पिकते, विकते, त्यावर घरे चालतात, त्याचे काय? खरे आहे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. वखारीतल्या मजुरीवर माझ्या आजीने मुले वाढविली. कायदाही कामाचा असतो. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला ती कशी लागू व्हावी? २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सावधगिरीचे चित्र असावे लागते. आई आणते ती तंबाखू बाजारात कागदात बांधून मिळते. त्या कागदावर गेल्या महिन्यातली बातमी असते. म्हणजे कायद्याची चित्रे जिथे पोचत नाहीत तिथेच ही सवय राहते, आणि ती मुख्यतः बायकांची आहे. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत, तोंडात तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. ही बाळे तर कोणतीच डबी उघडायला गेली नव्हती.

आपल्या देशात अशा कामाची परंपरा नाही असे मात्र नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या जिल्ह्यांतील तंबाखू वापरणाऱ्या ३६ हजार लोकांचे प्रत्येक वर्षी तोंड तपासायचे आणि ती सोडण्याविषयी त्यांच्याशी बोलायचे, असा उपक्रम चालविला. १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तान्त आला: तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि नवे पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. वर्षातून एकदा कोणीतरी दारात येऊन तोंड उघडायला सांगतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मला वाटते, त्या 'पुन्हा येतो' यात बरेच काही आहे.

जाता जाता आमच्या भित्तिपत्रक स्पर्धेविषयी. एका वर्षी पहिले बक्षीस घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याला आभाराचे दोन शब्द बोलायला सांगितले, तर त्याला बोलता येईना, कारण तोंड भरलेले होते! चित्र मात्र अप्रतिम होते, कवटी आणि जळणारे पान. त्याने काढलेले भय खरे होते. त्याला नकाशा कोणी दिला नव्हता. २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटावर चित्राखाली सोडण्यासाठी मदत देणाऱ्या राष्ट्रीय सेवेचा फुकट दूरध्वनी क्रमांकही छापावा लागतो. हा येलच्या नकाशाचा दूरचा नातेवाईक म्हणायला हरकत नाही. यंदा स्पर्धेच्या जागी, ज्यांना सोडायची आहे अशा विद्यार्थ्यांसाठी मानसशास्त्र विभागाच्या खोलीत शनिवारी दुपारी दोन ते तीन मी आणि आणखी एक सहकारी बसणार आहोत. नाव विचारणार नाही. चिंचोके आणि वाटी मिळेल.

आईच्या वाटीत आता दिवसाला एकच चिंचोका पडतो, क्वचित दोन. चट्टा पूर्वीहून लहान झाला आहे, पण गेलेला नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी चालू आहे. "एक ऱ्हाऊ दे," असे ती म्हणते. "एकही नको," असे डॉक्टर म्हणतात. पुढची तपासणी जूनमध्ये आहे. त्याआधी सकाळची सुटावी अशी माझी इच्छा आहे. ती मी आईला बोलून दाखविलेली नाही. तिने सुनेला विचारले आहे की, पहाटे उठल्याबरोबर पहिल्यांदा चहाच घेतला तर चालेल का.